उद्घाटनाचा चेंडू

माझ्या बॉलिंगवर आजवर दोन आमदार, तीन तहसीलदार, एक अबकारीसाहेब, एक ढोरांचे डॉक्टर आणि संत्र्याचे कितीतरी व्यापारी यांनी चौकार-षटकार मारलेले आहेत. त्यातल्या एकानेही त्याआधी किंवा त्यानंतर बॅट हातात धरली नव्हती. मध्यमगती जलद गोलंदाज म्हणून माझी जी काय कारकीर्द झाली, तिचा हा पहिला भाग. दुसरा भाग प्रशिक्षक म्हणून, तो अजून चालू आहे. पहिल्या भागातून दुसऱ्यात मी कसा पडलो, ते एकदा लिहून टाकायचं होतं. पडलो हाच शब्द बरोबर आहे. सत्काराच्या भाषणात लोक ‘वळले’ म्हणतात, मी मान हलवतो.

घर आमचं पांढुर्ण्यात, रेल्वेलाइनच्या अलीकडच्या वस्तीत, विहाराच्या मागच्या ओळीत. बाबा नगरपालिकेत वालमन होते. आता पोरांना वालमन म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. रस्त्याखाली पाण्याच्या पाइपांचे व्हॉल्व्ह असायचे, त्यात कमरेएवढी लोखंडी चावी घालून फिरवायची आणि एकेका मोहल्ल्याचं पाणी सोडायचं. पहाटेची मालगाडी गेली की बाबा उठत, चावी सायकलच्या दांडीला बांधत आणि निघत. दांडीवर चावी खणखणायची, तो आवाज ऐकून गल्लीगल्लीतल्या बाया पाण्याचे पितळी गुंड घेऊन नळाशी उभ्या राहायच्या. प्रत्येक मोहल्ल्याला चाळीस मिनिटं, एक मिनिट कमी नाही की जास्त नाही. एका जिनिंगवाल्या शेठने दिवाळीला मिठाईचा डबा पाठवला, आमच्याकडे दहा मिनिटं जास्त सोडत जा म्हणून. बाबांनी तो डबा न उघडता परत नेऊन दिला. आम्हा भावंडांना त्या डब्यात काय होतं ते आजतागायत कळलेलं नाही, आणि मला अजून राग येतो. आमचं स्वतःचं घर उताराच्या शेवटच्या टोकाला, तिथे पाणी येईतो चाळीस मिनिटं संपत यायची. माय नळाखाली गुंड ठेवून करंगळीएवढ्या धारेकडे पाहत बसायची आणि म्हणायची, “वालमनच्या घरी पाणी नाई, कोणाले सांगतलं तं खरं वाटन का? आता लेकरायले घड्याळ पाजू का तुमचं?” बाबा अंबाडीच्या भाजीत भाकर चुरत असत. “सगळ्यायले सारखं,” एवढंच म्हणत आणि ठेचा मागत.

क्रिकेट मी शाळेमागच्या पडीत जागेवर शिकलो. हंगामात गळून पडलेल्या हिरव्या संत्र्यांनी आम्ही खेळायचो, पण रबरी बॉल आला तेव्हा बॅटही लागली, आणि बॅट होती एकच, पुरुषोत्तमची. त्याच्या वडिलांचं किराण्याचं दुकान. आमच्या क्रिकेटचा पहिला कायदा असा, की बॅट ज्याची त्याची पहिली बॅटिंग. दुसरा कायदा कोणी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना पाठ होता: बॅटवाला आऊट झाला की बॅट बगलेत मारून घरी जातो. आणि पुरुषोत्तमला बॅटिंग येत नव्हती हो, अजिबात म्हणजे अजिबात नाही. तो आधी बॅट फिरवायचा आणि मग डोळे उघडायचा. संध्याकाळपर्यंत खेळ चालवायचा तर याला आऊट होऊ द्यायचं नाही. पण हळू टाकलं की तो फुगायचा. “मले लहान पोट्टा समजून राहिला का बे? जोरात टाक!” मग मी जोरात धावत यायचो, हात पूर्ण फिरवायचो, तोंडाने हुं करायचो आणि बॉल नेमका तिथे टाकायचो जिथे थोड्या वेळाने त्याची बॅट येणार असायची. हे बोलायला सोपं आहे. बॅट कुठे येईल हे त्याच्या खांद्यावरून ओळखावं लागतं, आणि ते त्याला कळता कामा नये. चार-पाच वर्षं मी दुसरं काही केलं नाही. पुरुषोत्तम आपल्याला फार मोठा बॅट्समन समजत मोठा झाला, आणि आम्हाला रोज दोन तास खेळायला मिळालं.

पांढुर्ण्याचा म्हटलं की बाहेरचे लोक लगेच विचारतात, काय हो, तुमचा हात गोटमारीत तयार झाला असेल? नाही झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरून लोक एकमेकांना दगड मारायचे, तेव्हा माय मला घरात कोंडून बाहेरून कडी लावायची. माझा खरा हात तयार झाला तो पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर. तिथे मी कोळशाने तीन स्टंप आखले होते आणि सकाळी एकटा जाऊन त्यांच्यावर बॉल टाकत असे. पुढे क्लबात लेदरचा बॉल हातात आला, मॅटवर तो टप्पा पडल्यावर बाहेर जायला लागला, आणि आमच्या भागातले चांगले चांगले बॅट्समन माझ्यापुढे पाय हलवेनासे झाले. हे मी माझ्या तोंडाने सांगतो आहे, कारण दुसरं कोणी सांगत नाही. लोकांच्या लक्षात राहिला तो दुसराच चेंडू.

आमच्या क्लबचे अध्यक्ष वामनराव, संत्र्याचे व्यापारी. क्रिकेटमधलं त्यांना फक्त उद्घाटन कळायचं. त्या वर्षी स्पर्धेच्या उद्घाटनाला आमदार आले. धोतरावर एकाच पायाला पॅड बांधून ते खेळपट्टीवर उभे राहिले आणि घरात साप निघाल्यावर काठी धरतात तशी त्यांनी बॅट धरली. पद्धत अशी की पाहुण्यांनी एक बॉल मारायचा, फोटो निघायचा, टाळ्या, आणि मग खरा खेळ सुरू. पहिल्या गड्याचा बॉल साहेबांना लागलाच नाही. दुसऱ्याचा स्टंपावर गेला, त्यावर पंचाने नो-बॉल दिला. तिसऱ्याचा साहेबांच्या गुडघ्यावर बसला, तोही पॅड नसलेल्या. लोक रुमालाआड हसायला लागले. फोटोवाला ओरडला, “भाऊ, रीळ संपून राहिली!” वामनरावांच्या टोपीतून घाम निथळत होता. “अबे, तो वालमनचा पोट्टा कुठी हाये? त्याले बलवा!” मी बाँड्रीवरून धावत आलो. ते माझ्या कानात म्हणाले, “बॅटले लागला पाह्यजे, आंगाले नाई. अन् जोरात टाकल्यासारखा दिसला पाह्यजे.” मी मनात म्हटलं, अरे, हा तर पुरुषोत्तमच आहे. पूर्ण रनअप घेऊन आलो, हुं केलं, आणि बॉल साहेबांच्या बॅटच्या मधोमध जाऊन लागला. पुढे उभ्या तिन्ही फिल्डरांनी पाय फाकवले. चौकार! टाळ्यांनी मंडप उडाला. आमदारांनी बॅटकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं, “कॉलेजात असतांना आम्ही खूब खेळलो.” संध्याकाळपर्यंत त्यांना ते स्वतःलाही पटलं होतं.

झालं. तिथून मला बोलावणी सुरू झाली. स्पर्धा कुठलीही असो, सौसरची, लोधीखेड्याची, उद्घाटनाचा चेंडू टाकायला पांढुर्ण्याचा वालमनचा पोरगा. लोधीखेड्याच्या अबकारीसाहेबांना चौकार नको होता, षटकारच पाहिजे होता. त्यांच्यासाठी चुन्याची बाँड्री आदल्या संध्याकाळी वीस पावलं आत ओढली गेली, तरी त्या षटकारासाठी मला दोन बॉल टाकावे लागले. ढोरांच्या डॉक्टरांना उजव्या हाताने खेळावं की डाव्या, हे ठरवता येत नव्हतं. मी दोन्हीकडून त्यांच्या बॅटला बॉल लावून दिला. माय विचारायची, “हार कोणाच्या गळ्यात घालतेत?” मी म्हणायचो, साहेबांच्या. “अन् तुले?” मला चहा, आणि तर्री-पोहे उरले असले तर पोहे. “वा रे माह्या राजा! वरात दुसऱ्याची अन् घुंगरू तुह्या पायात.” बाबा मात्र विचार करत. एकदा भाकर खाता खाता त्यांनी विचारलं, “तो साहेब बॉल मारते, ते त्याच्या भरवशावर का तुह्या?” मी म्हटलं, “बाबा, ते उद्घाटन हाये, तो काई खेळ नाई.” बाबांनी भाकरीला ठेचा लावला. “मंग खेळ कवा हाये ते सांग. मी येईन पाहाले.”

खेळ पुढल्याच थंडीत आला. विभागाच्या संघाची निवड चाचणी सौसरला ठरली. ज्यांना या गोष्टीची किंमत कळणार नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही मधल्यामधले लोक, राज्य मध्य प्रदेश आणि बोली मराठी. नागपूरवाले आम्हाला मध्य प्रदेशचे म्हणायचे, भोपाळकडचे आम्हाला महाराष्ट्राचे म्हणायचे, त्यामुळे कोणत्याच संघाच्या यादीत आमच्याकडचं नाव सहसा नसे. विभागाचा संघ ही एकच खिडकी होती. त्यात नाव लागलं की प्रमाणपत्र, प्रमाणपत्रावर खेळाडूंच्या कोट्यातली रेल्वेची नोकरी, आणि मुख्य म्हणजे खऱ्या बॅट्समनला खरा बॉल टाकायला मिळणार. माझं बाविसावं सरत होतं. मला ते नाव यादीत पाहिजे होतं, इतकं पाहिजे होतं की जामसावळीच्या फाट्यावर बसमधले गडी हनुमानाला हात जोडायला लागले तेव्हा त्यांच्यासोबत मीही जोडले. शेजारी बाबा होते. त्यांनी पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले. विहारातल्या रविवारच्या वंदनेला मी चार महिने गेलो नव्हतो, तेही बहुतेक त्यांना आठवलं असेल. बाबांनी नोकरीत पहिल्यांदा खेळ पाहण्यासाठी रजा घेतली होती. मायने फडक्यात भाकरी, झुणका आणि कांदा बांधून दिला होता, ते गाठोडं मांडीवर घेऊन ते मंडपापासून दूर कडुलिंबाखाली जाऊन बसले.

सगळी सूत्रं ज्यांच्या हातात होती ते सचिवसाहेब मला मंडपामागे घेऊन गेले. गोरेपान, तोंडात पान, आवाजात साखर. “बेटा, तुम्हारा हाथ मैंने लोधीखेड़ा में देखा था. कमाल है.” मला वाटलं, अखेर कोणीतरी पाहिलं. मग कळलं की त्यांनी अबकारीसाहेबांचा षटकार पाहिला होता. ते म्हणाले, आज त्यांचा भाचा तिसऱ्या नंबरवर येणार आहे, मुलगा गुणी आहे, फक्त जरा घाबरतो. “उसको बस वही वाला डाल देना, उद्घाटन वाला. बाकी तुम्हारा नाम तो लिखा हुआ है.” आणि त्यांनी खिशातून यादी काढून दाखवली. खरंच लिहिलेलं होतं. नऊ नंबरला, निळ्या शाईत, आडनावासकट. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव मी कोणत्या तरी सरकारी वाटणाऱ्या कागदावर बघत होतो. मी ‘हो’ म्हटलं नाही. पण ‘नाही’सुद्धा म्हटलं नाही, आणि असल्या ठिकाणी दोन्ही एकच असतं हे मला तेव्हाही कळत होतं. खोटं कशाला बोलू!

पहिली ओव्हर मी खरी टाकली. चौथ्या बॉलवर सलामीच्या गड्याचा मधला स्टंप उखडला गेला आणि यष्टिरक्षकाच्या मागे जाऊन पडला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी लिंबाकडे पाहिलं. बाबा उभे राहिले होते, गाठोडं छातीशी धरून. त्यांना टाळ्या वाजवायच्या होत्या, पण गाठोडं कुठे ठेवावं ते कळत नव्हतं. मग भाचा आला. अंगावरचं सगळं कोरं करकरीत, गार्ड घेतानाच पाय लेगला सरकत होते. मी रनअपच्या टोकावर गेलो, वळलो, आणि धावता धावता माझं मलाच कळलं की मी त्याच्या खांद्याकडे पाहतो आहे.

त्यानंतरच्या पाच ओव्हर मी ज्या टाकल्या त्या माझ्या आयुष्यातल्या सर्वात कठीण. पुरुषोत्तम निदान बॅट फिरवायचा तरी, हा भाचा बॅट जागची हलवायलाच तयार नव्हता. त्याच्या स्थिर बॅटवर असा बॉल टाकायचा की तो नुसता लागून चौकारापर्यंत गेला पाहिजे, हे कोणाच्या बापाला जमणार नाही. मला जमलं. पायावर, पॅडच्या कडेने, ऑफला थोडा आखूड. हळूहळू त्याला धीर आला, मग तर तो मोठ्या ऐटीत मारायला लागला, आणि पन्नास झाल्यावर त्याने बॅट वर करून मामांना दाखवली. माझे सोबती माझ्याकडे विचित्र नजरेने पाहत होते. लिंबाकडे पाहायचं मी टाळलं. जेवणाच्या सुट्टीनंतर तिकडे काहीतरी गलका झाला, दहा-पंधरा माणसं गोळा झाली आणि पांगली. मी बाँड्रीच्या दुसऱ्या टोकाला होतो, मला काय झालं ते समजलं नाही.

संध्याकाळी यादी वाचली. भाचा दुसऱ्या नंबरवर. नववं नाव दुसऱ्याच कोणाचं तरी होतं. मी तशीच शेवटपर्यंत ऐकली, एखादवेळी खाली सरकलं असेल म्हणून. मंडपामागे सचिवसाहेब भेटले, पान नवं होतं. “अब मैं क्या करूं बेटा? बाहर के दो मेंबर नहीं माने. स्कोरबुक देखो, छह ओवर में कितनी मार पड़ी है! बोले, जिसको नया लड़का इतना मारता है उसको कैसे लें?” त्यांचा चेहरा खरंच दुःखी होता. मी काय सांगणार की मार मी मुद्दाम खाल्ली? कोणाला? त्यांनाच? मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. उन्हाळ्यात पोरांचं शिबिर आहे, ते मी घ्यावं. “तुम्हारे सामने कमजोर लड़का भी कॉन्फिडेंस से खेलता है. यह बहुत बड़ी चीज़ है.” म्हणजे ज्याच्या बॉलिंगवर कोणीही मारू शकतो, तो मास्तर म्हणून उत्तम. अशा रीतीने मी वयाच्या बाविसाव्या वर्षी प्रशिक्षक झालो. भाचा विभागाकडून एक सामना खेळला, भोपळाही फोडला नाही, आणि पुढे बरीच वर्षं निवड समितीवर बसला. निवड कशी होते याचा त्याला अनुभव होताच. आजकाल माझ्याकडे आईबाप मोटारीतून पोरं घेऊन येतात आणि म्हणतात, सर, याचा कॉन्फिडेंस वाढवा. वाढवतो. अजूनही माझ्याइतका कोणी वाढवत नाही.

परतीच्या बसमध्ये मागची सीट मिळाली. बाहेर अजून उजेड होता, कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, त्यामुळे बस बैलांच्या चालीने चालली होती. बाबांनी गाठोडं सोडलं. त्यांनी दिवसभर काही खाल्लं नव्हतं, माझ्यासाठी थांबले होते. अर्धी भाकर, त्यावर झुणका आणि कांदा माझ्या हातात देऊन ते म्हणाले, “मले या खेळातलं काई समजत नाई. पन पयल्या ओवरले तुहा हात येगळा होता, अन् मंग येगळा होता.” गाठोड्याचं फडकं त्यांनी गुडघ्यावर पसरलं. “तू मुद्दाम टाकून राहिला होता का रे तसे?”

दोनच उत्तरं होती. एक, मला बॉलिंग येत नाही. दुसरं, मला येते आणि यादीतल्या नावासाठी मी ती देऊन टाकली. मिठाईचा डबा परत करणाऱ्या माणसाला दुसरं उत्तर देण्याची माझी छाती झाली नाही. “नाई बाबा,” मी म्हटलं, “पोट्टा चांगला खेळला. माह्यानं जमलं नाई.”

बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग एकदम त्यांचा चेहरा मोकळा झाला, चांगला हसरा झाला. “मंग काई नाई! त्याले येत होतं, तुले आलं नाई. हारन्यात कायची लाज? शीकशीन.” आणि त्यांनी मोठा घास घेतला. तेव्हा मला दिसलं, त्यांच्या शर्टाचा खिसा उसवून लोंबत होता आणि वरची दोन बटणं गेली होती. मी विचारलं, हे काय झालं?

“काई नाई रे. तिथी एक जन सगळ्यायले सांगून राहिला होता, का या बॉलरनं आपला खेळ इकला म्हनून. मी त्याची गचांडी धरली. म्हटलं, माहा पोरगा हाये तो. हारन, पन असं करनार नाई.” बाबांनी कांदा मुठीने फोडला आणि मोठा तुकडा मला दिला. “त्यानं बी माही धरली. पन मी सोडली नाई, तो माफी मांगेपर्यंत.”

त्या माणसाने माफी मागितली. खरं बोलला होता बिचारा, आणि बाबांनी त्याला माफी मागायला लावली. घरी गेल्यावर मायने खिसा शिवला, बाबांनी तिला अख्खी हकिगत रंगवून सांगितली, मी ऐकत बसलो. पुढची सव्वीस वर्षं बाबा ती हकिगत सांगत होते, पाहुण्यांना, जावयांना, माझ्या लेकरांना, आणि प्रत्येक वेळी मी तिथे होतो. बाबा गेले ते आपल्या पोराला बॉलिंग बेताचीच येत होती, पण पोरगा सरळ होता, असं समजून गेले. हे मी आज लिहितो आहे, कारण आता ते वाचू शकत नाहीत.